केर काढायची पाळी कोणाची?

श्टुटगार्टमधल्या पहिल्याच शनिवारी रात्री घरी आलो तेव्हा दाराच्या मुठीला सुतळीने बांधलेली एक लाकडी पाटी लटकत होती. तळहाताएवढी, कडा झिजून गुळगुळीत झालेली, वर एकच शब्द कोरलेला: केरवोखे. कोणीतरी चुकून अडकवली असेल म्हणून मी ती शेजारच्या दाराला लावली आणि झोपलो. सकाळी ती पुन्हा माझ्या दारावर. खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात उभ्याच होत्या. (आजी मी इथे म्हणतो. तोंडावर इतकी वर्षं झाली तरी 'फ्राऊ', म्हणजे श्रीमती, आणि पुढे आडनाव.) त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं, मग जिन्याकडे, मग माझ्याकडे. माझं जर्मन तेव्हा बेताचंच होतं, पण एवढं समजलं.

'केरेन' म्हणजे झाडणं, 'वोखे' म्हणजे आठवडा. आपल्या 'केर'शी त्याचं नातं जुळवायला जाऊ नये, पण मराठी माणसाला हा शब्द पाठ करावा लागत नाही एवढं खरं. शब्द नैऋत्य जर्मनीतल्या श्वाबेन मुलखाचा, त्यातही व्युर्टेंबर्गचा. हांबुर्गच्या माणसाला तो ऐकून माहीत असतो, आणि ऐकला की तो हसतो.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी (श्टुटगार्ट त्याचीच राजधानी) कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण पाठवण्याचं जाहीर केलं. त्याआधीपासूनही इथे मराठी माणसं आहेत. मर्सिडीजचं मूळ गाव श्टुटगार्ट आणि तिचा भारतातला कारखाना चाकणला, त्यामुळे पुण्याची ये-जा जुनीच. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. येणारा प्रत्येक जण डेर-डी-डास, ही नामाचं लिंग दाखवणारी जर्मन उपपदं, घोकून येतो. जिन्याचा धडा मात्र कुठल्या वर्गात घेतात असं माझ्या पाहण्यात नाही.

तर जिना. केरवोखे दोन असतात, लहान आणि मोठी. लहान म्हणजे आपल्या मजल्यासमोरची जागा आणि तिथून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या. ही त्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांनी आलटून पालटून करायची. मोठी सगळ्या इमारतीत फिरते. तिच्यात घरापुढचा फूटपाथ, अंगण, तळघराचा जिना, कचऱ्याच्या डब्यांची जागा, आणि हिवाळ्यात बर्फ. बर्फ कामाच्या दिवशी सकाळी ७ च्या आत बाजूला झालेला हवा. तुमच्या दारापुढे कोणी घसरून पडलं तर प्रकरण नुकसानभरपाईपर्यंत जाऊ शकतं. हत्यारं दोन, 'केरविश' म्हणजे हातझाडू आणि 'कुटरशाऊफल' म्हणजे केरभरणी. 'कुटर' हा श्वाबिश बोलीतला कचरा. प्रमाण जर्मन शिकून आलेल्याला हे दोन्ही शब्द कळत नाहीत, मग तो पुण्याचा असो की बर्लिनचा.

आठवडा संपतो शनिवारी, कारण रविवारी झाडू हातात धरायचा नाही. रविवार हा कामापासून विश्रांतीचा दिवस म्हणून कायद्याने राखलेला आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं ते कलम आजच्या राज्यघटनेतही तसंच्या तसं ठेवलेलं आहे. म्हणून शनिवारी दुपारी जुन्या वस्त्यांमधून हिंडलात तर खराट्यांचा खरखराट ऐकू येतो.

आता हे आलं कुठून. व्युर्टेंबर्गचे दोन तुकडे होते, एकाचा कारभार श्टुटगार्टहून चाले आणि दुसऱ्याचा उराखहून. १४८२ मध्ये म्युन्सिंगेनच्या तहाने ते एक झाले आणि उराखचा काउंट एबरहार्ड श्टुटगार्टला राजधानीत येऊन बसला. याला लोक 'दाढीवाला एबरहार्ड' म्हणत. ट्युबिंगेनचं विद्यापीठ त्याने १४७७ मध्ये काढलं होतं. राजधानी म्हटल्यावर माणसं वाढली आणि माणसांबरोबर घाण. श्टुटगार्ट बसलंय कढईसारख्या खोलगट जागेत, तिन्ही बाजूंना डोंगर, आणि मधून नेझनबाख नावाचा एक ओढा. मोठी नदी नेकार शहराच्या गाभ्यापासून लांब. म्हणजे सगळी भिस्त त्या ओढ्यावर. आज तो जमिनीखालच्या नळातून वाहतो आणि निम्म्या गावाला त्याचा पत्ता नसतो.

१४९२ मध्ये एबरहार्डने शहराची नियमावली काढली. तीत म्हटलंय की शहर स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येकाने आपलं शेण दर आठवड्याला बाहेर न्यावं. आपला 'विंकेल' दर चौदा दिवसांनी साफ करून घ्यावा, पण फक्त रात्री. आणि ज्याच्याकडे स्वतःचा संडास नाही त्याने मैला रोज रात्री ओढ्यावर नेऊन टाकावा. 'विंकेल' म्हणजे दोन घरांमधली चिंचोळी फट. वरच्या खिडक्यांमधून जे काय खाली पडायचं ते तिथे साचायचं. मुंबईत ज्याने चाळीत दिवस काढलेत त्याला हे समजावून सांगायला नको. त्याला आपण घरगल्ली म्हणतो.

श्टुटगार्टकर केरवोखेची सुरुवात या १४९२ पासून सांगतात आणि अभिमानाने सांगतात. मला त्यात थोडी ओढाताण वाटते. या ओळींत शेण आहे, मैला आहे, रात्र आहे. झाडू कुठे दिसत नाही आणि जिना तर नाहीच. तिथून आलाय तो आठवडा. घाण ही ज्याची त्याची जबाबदारी, आणि ती ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी पार पाडायची, हे डोक्यात बसलं. पुढे १७१४ मध्ये ड्यूक एबरहार्ड लुडविगच्या काळात गल्ल्या साफ ठेवण्याचा वेगळा हुकूम निघाला, आणि रस्त्याचा आपल्या घरापुढचा तुकडा आपला, हे कागदावर आलं.

पण नुसत्या हुकमांनी माणसं झाडत नाहीत. आपल्याकडे हुकूम काय कमी निघाले? व्युर्टेंबर्गमध्ये मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. हे राज्य १५३४ मध्ये प्रोटेस्टंट झालं. पुढे तीस वर्षांच्या युद्धाने मुलूख उद्ध्वस्त झाला असताना, १६४० च्या दशकात, योहान वालेंटीन आंद्रेए या धर्मगुरूच्या पुढाकाराने गावोगाव चर्च-पंचायती बसवल्या गेल्या. पाद्री, गावचा मुख्य आणि दोन-चार वजनदार माणसं ठरलेल्या दिवशी बसत आणि कोण रविवारी चर्चला आलं नाही, कोण दारू पिऊन पडलं, कोणाचं कोणाशी काय चाललंय, याचा निवाडा करत. तक्रार शेजाऱ्यांकडूनच यायची. पाठोपाठ पिएटिस्ट पंथ आला, साधेपणा आणि कष्ट हीच भक्ती मानणारा. शेजाऱ्याची नजर हा इथे दीड-दोनशे वर्षं सरकारी यंत्रणेचाच भाग होता. माझ्या मते आजच्या पाटीचे खरे आईबाप इथे सापडतात. पाटी सांगते की या आठवड्यात कोण झाडणार, पण त्याच्या आधी ती सांगते की बाकीचे बघणार आहेत.

जिना आला तो एकोणिसाव्या शतकात. गिरण्या, यंत्रशाळा, रेल्वे आली. १८७० च्या दशकात शहराची वस्ती लाखावर गेली, १८८६ मध्ये रॉबर्ट बॉशने आपलं वर्कशॉप इथेच थाटलं, आणि चार-पाच मजली भाड्याची घरं उभी राहिली. घरापुढच्या रस्त्याचा मालक ठरवता येतो. सहा बिऱ्हाडांच्या जिन्याचा ठरवता येत नाही. म्हणून पाळी आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या जिन्यांवर पहिले परके चढले ते जर्मनच होते. पूर्वेकडून हाकलले गेलेले लाखो लोक, कोणी सुडेटनलँडचे, कोणी हंगेरीतले, सरकारने इथल्या घरांमधून एकेका खोलीत घुसवले. त्यांच्यासाठी श्वाबिशमध्ये शब्द तयारच होता: 'राइग्श्मेक्टे'. शब्दशः, चव घ्यायला आत आलेले. हा शब्द कातडी किंवा पासपोर्ट पाहत नाही. पलीकडच्या तालुक्यातून आलेल्या सुनेलाही तो लागतो आणि तीस वर्षांनी कधीतरी गळून पडतो, न पडला तरी कोणी आश्चर्य करत नाही.

मग पाहुणे कामगार, म्हणजे करार करून परदेशातून आणलेले. २० डिसेंबर १९५५ रोजी इटलीशी करार झाला, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी, पुढे युगोस्लाव्हियाशी. पण ही माणसं सुरुवातीला कारखान्यांच्या बराकींत राहायची, एका खोलीत चार-सहा खाटा. बराकीला जिना नसतो, दारावर पाटी नसते. गंमत म्हणजे जिन्याची गाठ पडली ती भरती बंद झाल्यावर. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी, तेलसंकटाच्या दिवसांत, सरकारने नवे कामगार आणणं थांबवलं. आता परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे दिसल्यावर लोकांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. कुटुंब आलं म्हणजे भाड्याचं घर आलं, आणि घर आलं म्हणजे केरवोखे. तेव्हाची भांडणं आजही जिन्याजिन्यात सांगितली जातात. दक्षिणेकडची बाई घराला असते तशी जिन्यालाही बादलीभर पाणी ओतून धुवायची. खालची श्वाबिश बाई ओल्या फडक्याने कोपरे पुसणारी, तिच्या दाराखालून पाणी आत. अस्वच्छ दोघींतली कोणीच नव्हती. त्यांचीच मुलं पुढे अस्सल श्वाबिश बोलू लागली. उराखमध्येच, त्या दाढीवाल्याच्या गावी, १९६५ मध्ये तुर्की आईबापांच्या पोटी जन्मलेला राजकारणी चेम ओझदेमिर स्वतःला 'अनातोलियन श्वाब' म्हणवतो.

१९८८ मध्ये श्टुटगार्ट महापालिकेने नियम सैल केला. फूटपाथ 'दर आठवड्याला' झाडण्याऐवजी 'गरजेप्रमाणे' झाडा. महापौर होते मानफ्रेड रोमेल, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेल्या फील्डमार्शल एर्विन रोमेलचे चिरंजीव, १९७४ ते १९९६ महापौर. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी केरवोखे संपली असं छापलं. संपलं काहीच नाही. महापालिकेची सक्ती गेली तरी जिन्याचा मामला घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला. भाडेकरारात किंवा त्याला जोडलेल्या घरनियमांत लिहिलं असेल तर झाडावंच लागतं. आणि 'गरज' कोण ठरवणार? शेजारीण.

पुढे हीच श्वाब मंडळी बर्लिनला जाऊन परकी झाली. डिसेंबर २०१२ मध्ये जर्मन संसदेचे माजी अध्यक्ष वोल्फगांग थिअर्झं यांनी मुलाखतीत वैताग काढला की माझ्या प्रेन्झलाउअर बर्ग भागातल्या बेकरीत आता पावाला बर्लिनी 'श्रिपं' न म्हणता श्वाबिश 'वेकन' म्हणतात, आणि आपण केरवोखेवाल्या छोट्या गावात नाही, बर्लिनमध्ये आहोत, हे या श्वाबांनी समजून घ्यावं. त्यानंतर काही दिवसांनी तिथल्या चित्रकार-शिल्पकार केटे कोलवित्सच्या पुतळ्यावर कोणीतरी श्पेट्सलं, म्हणजे श्वाबेनच्या शेवया, फासून ठेवल्या. माझ्या ऑफिसातले श्वाब सहकारी आठवडाभर दुखावलेले होते. मी आणि शेजारचा तुर्की सहकारी कॉफी घेत गप्प राहिलो, पण एकमेकांकडे पाहिलं.

त्या पहिल्या रविवारनंतरच्या शनिवारी मी जिना झाडला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकून तिकडे जिने झाडतोस?" तिचा प्रश्न मला तेव्हा विनोदी वाटला. नंतर आठवलं की पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा जिना वीस वर्षं एकच बाई झाडत होत्या आणि त्यांचं आडनाव आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची गरज नाही, ते आपल्याला कळलेलंच आहे, असं सगळे धरून चालले होते. चारचौघांसमोर सार्वजनिक जागेत झाडू धरताना माझा हात का अवघडला, याचं उत्तर तिथे होतं. जर्मनीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आजी दार उघडून बाहेर आल्या, पायऱ्यांचे कोपरे पाहिले, कठड्याच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं, आणि काही न बोलता आत गेल्या. सोमवारी सहकाऱ्याला सांगितलं तर त्याने माझं अभिनंदन केलं. श्वाबिशमध्ये म्हण आहे, 'नेट ग्शिम्फ्ट इश ग्नुआग ग्लोब्ट'. ओरडा बसला नाही ना, मग कौतुकच समज.

दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीचा मालक बदलला. नव्या मालकाने सफाईचं कंत्राट दिलं. गुरुवारी सकाळी दोन तरुण येतात, आपसात रुमेनियन बोलत, वरपासून खालपर्यंत ओला मॉप फिरवतात आणि पाऊण तासात व्हॅनमधून पुढच्या इमारतीकडे निघतात. पाटी तळघरात सायकलींच्या वरच्या खिळ्याला टांगलेली आहे. आजी शनिवारी दुपारी अजूनही झाडतात, आपला जिना आणि आताशा आमचाही. वर्षाअखेर भाड्याव्यतिरिक्तच्या इतर खर्चाचं बिल आलं, त्यात 'इमारत सफाई' अशी नवी ओळ होती. आजींनी घरमालकाला दोन पानी हरकत लिहिली: जिना आधीच स्वच्छ असतो, तर तो स्वच्छ करण्याचे पैसे कसले? सहीसाठी कागद घेऊन त्या वर आल्या. मी सही केली. त्यांनी ती चष्मा वर करून नीट पाहिली, आणि माझ्या पायपुसण्याचा एक कोपरा दुमडला होता तो पायाने सरळ करून खाली गेल्या.