चोथ्याचीच गाळणी

परवा मेलबर्नहून भाच्यानं व्हिडिओ कॉल केला. भिजलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, कापडी पिशवी पातेल्यावर धरून गडी पिळत होता. खाली गळणारं गोड पाणी म्हणजे वर्ट. त्यात यीस्ट पडलं की त्याची बिअर. (हे तिकडं चालतं, आपल्याकडं १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळं परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही.) ‘मामा, गढूळच येतंय. अजून बारीक कापड घेऊ का?’

कापड बारीक केलं की ते तुंबतं, एवढं गुऱ्हाळाशेजारी वाढलेल्याला कळतं. मुळात हा प्रश्न कापडाचा नाहीच.

मेसोपोटेमियात बिअर लांब नळीनं प्यायचे, म्हणजे वर तरंगणारी टरफलं तोंडात येत नसत. तरी गाळलेल्या बिअरचं कौतुक होतंच. इसवी सनापूर्वी १८०० च्या सुमाराच्या निन्कासी देवीच्या स्तोत्रात ती ओतण्याला टायग्रिस-युफ्रेटिसच्या लोंढ्याची उपमा दिली आहे. फिनलंडात साहती ही तिथली पारंपरिक बिअर करताना ओंडका कोरून केलेल्या पन्हाळीत जुनिपरच्या फांद्या अंथरतात आणि त्यावर भिजवलेला माल्ट ओततात. फांद्या आधाराला, खरं गाळतात ती जवाची टरफलं. त्यांचा थर बसला की बारीक गाळ त्यातच अडकतो. म्हणून माल्ट भरडायचा, पीठ करायचं नाही. गव्हाला हे टरफल नसतं, त्याचा लगदा होऊन बसतो. मग त्यात चक्क भाताचं तूस मिसळतात. सुरुवातीचं गढूळ पाणी हळूच परत थरावर ओतायचं, जर्मन लोक त्याला फोरलाउफ म्हणतात. थर धुवायचं पाणी ७७ अंशांच्या फार वर गेलं तर टरफलांचा तुरटपणा उतरतो.

भाच्याची पिशवीची पद्धत ऑस्ट्रेलियातल्याच हौशी मंडळींनी या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ केली. एका भांड्यात काम उरकतं, पण थर काही बसत नाही. वर पिळायचं, म्हणजे गाळ आपल्याच हातानं खाली ढकलायचा.

उकळताना वर्टमधली प्रथिनं गोळा होतात. ती लवकर जड व्हावीत म्हणून शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस टाकतात. हे समुद्री शेवाळ. त्यातल्या कॅराजीनन या चिकट द्रव्यावर ऋण भार असतो, तो प्रथिनांना ओढतो.

आपल्याकडं हेच काम रानभेंडी करते. उसाचा रस तापत आला की गुळव्या ठेचलेल्या खोडाचं बुळबुळीत पाणी काहिलीत सोडतो. थोड्या वेळानं काळपट-हिरवी मळी जाड सायीसारखी वर येते, फाटते, आणि त्या फटीतून रस एकदम सोनेरी दिसतो. लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढायची घाई तेव्हाच. १८९५ साली वसलेल्या कोल्हापूरच्या शाहूपुरीच्या बाजारात गुळाचा भाव रंगावर ठरत आला, त्यामुळं हे काम गुळव्याच्या इभ्रतीचं. पुढं त्याच पिवळ्या रंगाच्या हट्टापायी हायड्रॉस पावडर आली, तो भाग वेगळा.

आपली मळी वर तरंगते, त्यांचा गाळ मात्र तळाला बसतो. १९६० मध्ये कॅनडातल्या मोल्सन ब्रुअरीत वर्ट गोल फिरवून गाळ मधोमध जमवायची युक्ती निघाली. चहा ढवळल्यावर पावडर मध्ये गोळा होते, तसंच. आइन्स्टाइननं १९२६ मध्ये त्याचं कारणही सांगितलं होतं: तळाशी घर्षणानं वेग कमी पडतो, आणि तिथला प्रवाह मधल्या बाजूला ओढला जातो.

भाच्याला म्हटलं, पिळू नको, टांगून ठेव. भेंडीचंही सांगितलं. तिकडच्या दुकानात भेंडी मिळते म्हणाला. पण रानभेंडीचं खोड कुठलं मिळायला!