सस्पेंड झालेल्या पोलिसाने मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) दाद कशी मागायची, नाशिककरांसाठी सविस्तर माहिती

सस्पेन्शनची ऑर्डर हातात पडली की घरात पहिला प्रश्न येतो, नोकरी गेली का? नाही गेली. 'विभागीय चौकशीच्या अधीन राहून निलंबित' असं लिहिलेलं असतं ना, ती शिक्षा नाहीये, चौकशी होईपर्यंत कामापासून बाजूला ठेवलंय इतकंच, पण त्यालाही कायद्यात मर्यादा आहे आणि ती बऱ्याच जणांना माहितीच नसते म्हणून हे लिहितोय.

माझा मावसभाऊ पोलीस हवालदार. त्याला ऑर्डर रात्री बजावली, त्याने न वाचताच सही केली आणि सहीखाली तारीख टाकली नाही. पुढे दोषारोपपत्र, म्हणजे खात्याने ठेवलेल्या आरोपांचा कागद, आलं तेव्हाही तेच. त्या कागदावर जावक तारीख सस्पेन्शनपासून ८८व्या दिवसाची होती, प्रत्यक्षात हातात पडला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आणि हे सिद्ध करताना आमची जी दमछाक झाली ती कुणाच्या वाट्याला येऊ नये. सो प्लीज, कुठलाही कागद घेताना सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहा आणि तिथेच मोबाईलमध्ये फोटो काढा.

तारखेला एवढं महत्त्व का, तर सुप्रीम कोर्टाने अजय कुमार चौधरी केसमध्ये फेब्रुवारी २०१५ ला सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर सस्पेन्शन त्यापुढे चालू ठेवता येणार नाही, आणि दिलं असेल तर मुदत वाढवताना कारणं लिहून ऑर्डर काढावी लागेल. त्यावरून महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने ९ जुलै २०१९ चा जीआर (शासन निर्णय) काढला, त्यात ९० दिवसांची ही गोष्ट स्पष्ट आहे, तो प्रिंट काढून फाईलला लावाच. एक मात्र लक्षात ठेवा, खुद्द चौधरींना या नियमाचा फायदा मिळाला नाही कारण निकालापर्यंत त्यांना दोषारोपपत्र दिलं गेलं होतं, म्हणजे ९० दिवस उलटले आणि कागद आला नाही की गप्प बसून राहू नका, लगेच लेखी अर्ज टाका. क्रिमिनल केसमुळे सस्पेंड असाल तर विषय थोडा वेगळा, तिथे १४ ऑक्टोबर २०११ च्या जीआरप्रमाणे सस्पेन्शनचा आढावा घेणाऱ्या समितीपुढे केस ठेवायची मागणी करायची.

आता कोण जाऊ शकतं? शिपाई, हवालदार, एएसआय, पीएसआय, एपीआय, पीआय, हे सगळे राज्य सेवेतले, त्यांच्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे मॅट. आयपीएस असेल तर त्यांचं कॅट म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, तो रस्ता वेगळा. थेट हायकोर्टात जाता येत नाही, एल. चंद्रकुमार केसपासून (१९९७) आधी ट्रिब्युनल आणि मग त्या निकालाविरुद्ध हायकोर्टाचं खंडपीठ असाच क्रम आहे.

पण मॅटच्याही आधी एक पायरी आहे, खात्यातलं अपील. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम २५ शिक्षेचं आणि कलम २७ अपिलाचं, सोबत १९५६ चे शिक्षा व अपील नियम. अपील साधारणपणे ऑर्डर काढणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं, म्हणजे नाशिक ग्रामीण पोलिसांत एसपींची ऑर्डर असेल तर गडकरी चौकातलं परिक्षेत्राचं आयजी ऑफिस. अपील स्वतः आवकला द्या, आपल्या कॉपीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ट्रिब्युनल कायद्याच्या (प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम १९८५) कलम २० प्रमाणे मॅट सहसा हीच पायरी आधी बघतं, अपिलावर सहा महिने निर्णयच नाही आला तरी दार उघडतं, आणि कलम २१ ची मुदत साधारण एक वर्षाची आहे. सहा महिने थांबणं परवडणारच नसेल, म्हणजे ऑर्डर काढणाऱ्याला अधिकारच नव्हता किंवा ९० दिवस उलटून गेलेत, तर वकिलांशी बोलून लवकर जाता येतं का ते बघा, कारण कायद्यात 'सहसा' असा शब्द आहे. अधिकाराचा मुद्दा तपासायला विसरू नका, उदाहरणार्थ एसपी पीआयला सस्पेंड करू शकतात पण वरून आदेश येईपर्यंतच.

कागद काय लागतात तर सस्पेन्शन ऑर्डर, कसुरी रिपोर्ट (तुमच्या चुकीबद्दल खात्याने केलेला अहवाल) किंवा प्राथमिक चौकशीचा जो कागद मिळाला असेल तो, दोषारोपपत्र मिळालं असेल तर ते, केलेलं अपील आणि त्याची पोच, मुदतवाढीची ऑर्डर, एफआयआर असेल तर त्याची कॉपी, निर्वाह भत्त्याची (सस्पेन्शनच्या काळात पगाराऐवजी मिळणाऱ्या रकमेची) बिलं, वकीलपत्र आणि प्रतिज्ञापत्र. अर्जाला मूळ अर्ज म्हणतात, वकील लोक ओए म्हणतात. प्रतिवादी म्हणून गृह विभाग, पोलीस महासंचालक आणि ऑर्डर काढणारे अधिकारी. सोबत स्थगितीची मागणी कलम २४ खाली करता येते, पण पहिल्याच तारखेला स्टे मिळेल असं धरून चालू नका, कारण सस्पेंड करावं की नाही हा खात्याचा अधिकार आहे असं कोर्ट मानतं, त्यामुळे आरोप खोटे आहेत हे सांगत बसण्यापेक्षा तारखा, अधिकार आणि आढावा झाला की नाही यावर जोर द्या.

नाशिक जिल्ह्याचं प्रकरण मुंबईच्या मॅटमध्ये चालतं, औरंगाबाद बेंचला नाही. सकाळच्या पंचवटीने गेलं तर त्याच दिवशी परत येता येतं, पण सस्पेन्शन ऑर्डरमध्ये मुख्यालय ठरवून दिलेलं असतं, परवानगीशिवाय ते सोडलं तर नवीन कसुरी लागायची, म्हणून प्रत्येक तारखेला आधी लेखी परवानगी मागा आणि त्याचीही पोच ठेवा.

घरखर्चाचं पण सांगतो. पहिले तीन महिने निर्वाह भत्ता साधारण अर्ध्या पगाराएवढा आणि त्यावर महागाई भत्ता, नंतर चौकशी लांबली आणि त्यात तुमचा दोष नसेल तर तो निम्म्याने वाढवून पाऊण पगारापर्यंत जाऊ शकतो. दुसरीकडे कुठे नोकरीधंदा करत नाही असा दाखला मात्र द्यावा लागतो, तो दर महिन्याला न विसरता पगार बिल शाखेत द्या. वाढीव भत्त्यासाठी वेगळा अर्ज टाका, आमच्या भावाला तो अर्ज दिल्यावरच वाढ मिळाली, त्याआधी कुणी स्वतःहून काही सांगितलं नव्हतं.