मूळ मुखपृष्ठचित्र (कॉमिक)

कॉमिकचे मुखपृष्ठ छापण्यासाठी चित्रकाराने जाड कागदावर हाताने काढलेले चित्र म्हणजे मूळ मुखपृष्ठचित्र. अंकाच्या प्रती लाखांनी निघत, चित्र मात्र एकच असे. छपाईचे काम उरकले की त्याचा उपयोग संपला असे प्रकाशक मानत. अशी चित्रे शोधणे, जपणे, त्यांची देवघेव करणे आणि त्यांचा रसास्वाद घेणे ही परंपरा प्रामुख्याने अमेरिकेत वाढली. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये तिने पुढे स्वतःचे वळण घेतले.

असे चित्र पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, की रंग कुठे आहेत? विसाव्या शतकातल्या बहुतेक अमेरिकी कॉमिकांची मूळ चित्रे काळ्या शाईत आहेत. रंग त्या चित्रावर भरलेच जात नसत. चित्राची छोटी छायाप्रत काढून रंगकार तिच्यावर पारदर्शक रंग लावी आणि प्रत्येक भागाशेजारी पिवळ्या, लाल, निळ्या शाईच्या प्रमाणाचे संकेत लिही. त्या नमुन्यावरून कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट इथल्या कारखान्यात दर रंगाची वेगळी फिल्म तयार होई आणि बरीचशी छपाई इलिनॉयमधल्या स्पार्टा गावच्या छापखान्यात होई. त्यामुळे लहानपणी पाहिलेले लालभडक, पिवळेधमक मुखपृष्ठ मूळ रूपात समोर येते तेव्हा ते एकदम शांत वाटते. रंगांचा गोंगाट नसल्यामुळे नजर थेट रेषेवर जाते. हे चित्र पाहण्याचा खरा आनंद तिथूनच सुरू होतो.

१९६५–७५ च्या सुमाराचा एखादा बोर्ड, म्हणजे ज्यावर चित्र काढले तो जाड कागद, जवळून पाहिला तर त्यावर कामाच्या सगळ्या खुणा सापडतात. कागद ब्रिस्टल बोर्डाचा, गुळगुळीत आणि घट्ट. फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेषा कॅमेऱ्याच्या फिल्मवर उमटत नसल्यामुळे त्या खोडलेल्या नसतात. त्यांत आधी योजलेला आणि नंतर बदललेला एखादा हात किंवा चेहऱ्याचा कल दिसतो. जिथे रेषा चुकली किंवा संपादकाने बदल सांगितला तिथे पांढऱ्या रंगाचा जाड थर असतो, आणि बोर्ड तिरप्या उजेडात धरला की तो उठून दिसतो. वरच्या बाजूला अंकाचे नाव असते. ते हाताने काढलेले नसून त्याची फोटोस्टॅट प्रत कापून रबर सिमेंट नावाच्या गोंदाने चिकटवलेली असते. किमतीची चौकट, महिना आणि कॉमिक्स कोड अथॉरिटीचे बोधचिन्हही असेच चिकटवलेले. ही संस्था १९५४ मध्ये प्रकाशकांनीच मजकुराच्या तपासणीसाठी स्थापन केली होती, आणि तिच्या मंजुरीचा शिक्का जुन्या बोर्डांच्या पाठीमागे पुष्कळदा आढळतो. समासात छपाईसाठी सूचना असतात. गोंद जिथे सुकला तिथे तपकिरी डाग पडलेला असतो.

कित्येक बोर्डांवरून नावाची ती पट्टी काळाच्या ओघात गळून पडली आहे आणि वरचा जवळजवळ एक तृतीयांश भाग कोरा दिसतो. नवख्याला चित्र अपुरे वाटते. पण चित्रकाराने नावासाठी किती जागा राखली आणि नायकाचे डोके किंवा उगारलेली मूठ त्या जागेत किती घुसू दिली, याचा हिशेब त्या कोऱ्या जागेतच उघडा पडतो. छापील अंकात तो कधीच कळत नाही.

आकारावरून काळ ओळखता येतो. १९६७–६८ पर्यंत चित्रे छापील पानाच्या साधारण दुप्पट आकारात काढली जात, म्हणजे चित्राची चौकट सुमारे १२ × १८ इंच. त्यानंतर ११ × १७ इंचांचा बोर्ड आणि त्यावर १० × १५ इंचांची चौकट रूढ झाली. मोठ्या बोर्डावर कुंचला सैल फिरे. तोच चित्रकार या बदलाच्या आधी आणि नंतर पाहिला तर रेषेतला फरक सहज जाणवतो, आणि जुन्या मोठ्या बोर्डांची मोहिनी संग्राहकांवर आजही जास्त आहे.

अंक विकला जाई तो वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर, शेकडो अंकांच्या गर्दीत. मुलाच्या हातात नाणे असे आणि निर्णय काही क्षणांचा. म्हणून कथेच्या पानांपेक्षा मुखपृष्ठावर जास्त डोके लढवले जाई. डीसी प्रकाशनात संपादक ज्युलियस श्वार्ट्झ पुष्कळदा आधी मुखपृष्ठ काढून घेत आणि मग त्या चित्रातले कोडे सोडवणारी कथा लेखकाकडून लिहवून घेत. १९५१ मध्ये ‘स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स’च्या आठव्या अंकावर गोरिला आला, तो अंक चांगला खपला आणि पुढे कित्येक वर्षे डीसीच्या मुखपृष्ठांवर गोरिले येत राहिले. कार्माइन इन्फँटिनो यांच्या हाती डीसीच्या मुखपृष्ठांची मांडणी आली ती १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. ते कच्चा आराखडा काढत आणि निक कार्डी, नील ॲडम्स यांच्यासारखे चित्रकार त्यावरून चित्र उभे करत. मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या प्रकाशनासाठी १९७० च्या दशकात गिल केन यांनी शेकडो मुखपृष्ठे काढली. खालून वर पाहिल्यासारखे देह आणि आपल्या अंगावर येणारा हात ही त्यांची ओळख.

एका मुखपृष्ठावर बहुधा दोन हात असतात. पेन्सिलीचे काम एकाचे, शाईचे दुसऱ्याचे. शाई म्हणजे पेन्सिलीवर गिरवणे नव्हे, ही गोष्ट मूळ चित्र पाहिल्यावर पटते. मार्व्हलचे चित्रकार जॅक कर्बी यांची पेन्सिल जो सिनॉट यांच्या हाती गेली की धातू चकाकू लागे, कडा काटेकोर होत. तीच पेन्सिल व्हिन्स कॉलेटा यांच्याकडे गेली की बारीक, केसाळ रेषांनी भरून जाई. सेबल या प्राण्याच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेली रेष जाड होत होत एकाएकी टोकाला बारीक होते. त्या ठिकाणी हात कुठे दाबला आणि कुठे उचलला हे बोर्डावर दिसते, आणि मोठ्या काळ्या भागांत शाईचे दोन थर जिथे एकमेकांवर आले तिथली किनारही दिसते. छापील प्रतीत हे सगळे सपाट काळे होऊन जाते.

यातली बहुतांश चित्रे नष्ट झाली. जुने बोर्ड गोदामात जागा अडवतात म्हणून ते कातरयंत्राखाली कापले गेले, फेकले गेले, भेट म्हणून वाटले गेले. जे उरले ते कुणीतरी मुद्दाम जपले म्हणून. बॅटमॅनच्या आरंभीच्या चित्रकारांपैकी जेरी रॉबिन्सन यांनी १९४० च्या दशकातच काही बोर्ड मागून घेतले. जादूच्या दिव्यातून दोन पिस्तुले घेऊन प्रकटणारा जोकर त्यांनी १९४२ मधल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ६९ व्या अंकासाठी काढला होता. ते चित्र त्यामुळे वाचले. फ्रेड रे यांचे ‘सुपरमॅन’ १४ चे ढाल आणि गरुडाचे प्रसिद्ध मुखपृष्ठही रॉबिन्सन यांनीच सांभाळले. ईसी कॉमिक्सचे मालक विल्यम गेन्स यांनी आपल्या प्रकाशनाची जवळजवळ सगळी मूळ चित्रे जपून ठेवली आणि पुढे रस कॉक्रन यांनी ती लिलावाने विकली. म्हणून १९५० च्या दशकातल्या इतर प्रकाशनांच्या मानाने ईसीची चित्रे आज कितीतरी जास्त पाहायला मिळतात. फ्रँक फ्रॅझेटा यांचे ‘वियर्ड सायन्स-फँटसी’ २९ चे मुखपृष्ठ (१९५५) या साठ्यात नव्हते. त्यांनी गेन्स यांना फक्त छापण्याचा हक्क दिला, त्यासाठी कमी मोबदला पत्करला आणि बोर्ड घरी ठेवला. त्या काळी चित्रकार असा विचार करत नसत. म्हणून या निर्णयाचे मोल फार आहे.

चित्रे चित्रकाराला परत मिळावीत यासाठी नील ॲडम्स यांनी सातत्याने आवाज उठवला. १९७० च्या दशकात आधी डीसीने आणि मग मार्व्हलने चित्रे परत द्यायला सुरुवात केली, आणि पेन्सिलवाला व शाईवाला यांच्यात ती वाटली जाऊ लागली. जुन्या चित्रांचा प्रश्न मात्र चिघळला. १९८० च्या दशकात मार्व्हलने इतर चित्रकारांना एक साधा करारपत्राचा कागद दिला आणि कर्बी यांच्यापुढे चार पानांचा कडक अटींचा करार ठेवला. सहकारी आणि वाचक जाहीरपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर १९८७ मध्ये त्यांना सुमारे दोन हजार पाने मिळाली. त्यांनी मार्व्हलसाठी काढलेली पाने दहा हजारांहून अधिक असावीत असा अंदाज आहे. आजच्या बाजारात कर्बी यांच्या चित्रांना मिळणाऱ्या किमती वाचताना हा इतिहास विसरता कामा नये. चित्र विकत घेणाऱ्याला बोर्डाची मालकी मिळते, चित्र पुन्हा छापण्याचा हक्क मिळत नाही, हेही अमेरिकी कायद्यात स्पष्ट आहे.

१९६० च्या दशकाअखेर न्यूयॉर्कच्या चाहत्यांच्या मेळाव्यांत अशी चित्रे काही डॉलरांत मिळत. टॉड मॅकफार्लेन यांचे ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ ३२८ चे मुखपृष्ठ २०१२ मध्ये ६,५७,२५० डॉलरला गेले. रॉबर्ट क्रम यांच्या ‘फ्रिट्झ द कॅट’च्या मुखपृष्ठाला २०१७ मध्ये ७,१७,००० डॉलर मिळाले. फ्रॅझेटा यांचे ‘इजिप्शियन क्वीन’ हे तैलचित्र ‘ईरी’ मासिकाच्या मुखपृष्ठासाठी काढलेले. २०१९ मध्ये त्याची किंमत ५४ लाख डॉलर झाली. फ्रँक मिलर यांच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ, म्हणजे आभाळ चिरणारी वीज आणि तिच्यासमोर झेपावलेली बॅटमॅनची काळी आकृती, २०२२ मध्ये २४ लाख डॉलरला विकले गेले. मुखपृष्ठ आतल्या पानापेक्षा महाग हा नियम सर्वसाधारणपणे खरा असला तरी त्याच वर्षी ‘सीक्रेट वॉर्स’मधले स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचे एक आतले पान ३३.६ लाख डॉलरला गेले. किमतीवर आठवणींचा पगडा मोठा असतो. ज्यांनी लहानपणी तो अंक वाचला ती पिढी कमावती झाली की त्या अंकाचे चित्र महागते. चित्र चांगले असणे आणि महाग असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १९५० च्या दशकातली रसेल हीथ किंवा जो क्युबर्ट यांची युद्धकथांची मुखपृष्ठे चित्र म्हणून कुठल्याही सुपरहिरोच्या तोडीची आहेत, बाजार काहीही म्हणो.

युरोपात मुखपृष्ठ अनेकदा रंगीतच काढले जाई. बेल्जियन चित्रकार एर्जे यांनी १९३६ मध्ये टिनटिनच्या ‘द ब्लू लोटस’साठी काढलेले पहिले मुखपृष्ठ याचा उत्तम नमुना. काळ्या पार्श्वभूमीवर लाल ड्रॅगन, चिनी मातीच्या भांड्यात दडलेले टिनटिन आणि स्नोई. छपाईचा खर्च फार येईल म्हणून प्रकाशकाने ते नाकारले आणि एर्जे यांनी सोपी आवृत्ती काढली. मूळ चित्र घडी घालून प्रकाशकाच्या कुटुंबात पडून राहिले. २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याला सुमारे ३२ लाख युरो मिळाले, घड्यांच्या खुणांसकट.

किमती वाढल्या तशा नकलाही वाढल्या. लाइटबॉक्सवर, म्हणजे आतून उजेड येणाऱ्या काचेच्या पेटीवर, छापील मुखपृष्ठ ठेवून गिरवलेले चित्र ओळखायचे तर छपाईशी रेषान्‌रेष जुळवून पाहावी लागते. गिरवलेली रेष सावध आणि एकसारखी जाडीची असते, मूळ रेषेत वेग असतो. निळी पेन्सिल, कागदाचा प्रकार, चिकटवलेल्या पट्ट्या, पाठीमागचे शिक्के आणि चित्र कुणाकडून कुणाकडे आले याची साखळी, हे सगळे तपासले जाते. चित्रकाराने स्वतःच आपले जुने मुखपृष्ठ पुन्हा काढले असेल तर ती नक्कल नव्हे, पण ते मूळही नव्हे, आणि विकताना तसे सांगणे हा संग्राहकांचा अलिखित नियम आहे. जतनात सगळ्यात मोठा शत्रू ऊन. त्या खालोखाल मार्कर: काळ्या भागांत शाईऐवजी मार्कर भरलेली चित्रे तपकिरी-जांभळी पडत जातात आणि त्यावर इलाज नाही.

२००० नंतर अंकाचे नाव संगणकावर बसवले जाऊ लागले, त्यामुळे नव्या बोर्डांवर चिकटवलेल्या पट्ट्या नाहीत. पेन्सिलीचे चित्र स्कॅन करून, दुसऱ्या बोर्डावर फिकट निळ्यात छापून त्यावर शाई करण्याची पद्धतही आली, म्हणजे एका मुखपृष्ठाची दोन मूळ चित्रे. पूर्णपणे संगणकावर काढलेल्या मुखपृष्ठाला तर बोर्डच नसतो. विकत घेणे परवडत नाही अशा रसिकांसाठी २०१० पासून ‘आर्टिस्ट्स एडिशन’ या नावाची मोठी पुस्तके निघू लागली. त्यांत काळीपांढरी मूळ चित्रेही रंगीत स्कॅन करून मूळ आकारात छापतात, म्हणजे पिवळा डाग, निळी पेन्सिल आणि पांढरा थर जसेच्या तसे दिसतात. ओहायो स्टेट विद्यापीठातले बिली आयर्लंड संग्रहालय आणि वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस इथे मूळ चित्रे अभ्यासाला उपलब्ध आहेत.

भारतात कॉमिक संग्रहाचा जोर छापील अंकांवर राहिला आहे, पण मुखपृष्ठाची परंपरा इथेही समृद्ध आहे आणि ती मुख्यतः रंगवलेल्या चित्रांची आहे. ‘अमर चित्र कथे’साठी राम वाईरकर, प्रताप मुळीक, युसुफ बंगलोरवाला, सी. एम. विटणकर यांनी काम केले. मुंबईहून १९६४ पासून निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ची मुखपृष्ठे दीर्घकाळ गोविंद ब्रह्मनिया यांच्या कुंचल्यातून उतरली. पट्टीकथा बहुधा परदेशातून येई, मुखपृष्ठ इथे रंगवले जाई. नावाचा मजकूर वेगळा बसवत असल्यामुळे तेच चित्र इंग्रजीत ‘द फँटम’ म्हणून, तर मराठीत ‘वेताळ’ म्हणून स्टॉलवर लागत असे.