‘पुरावा नाही’ आणि ‘नसल्याचा पुरावा’

ईश्वरावरचा वाद कुठेही सुरू होवो, दहाव्या मिनिटाला एक जण म्हणतो, “पुरावा नाही, म्हणजे देव नाही.” दुसरा लगेच, “पण नाही हे तरी कुठे सिद्ध झालंय?” दोघांनाही बाजी मारल्यासारखं वाटतं. मला दोघांचाही वैताग येतो.

पुरावा नसणं म्हणजे काय, हे सांगायला नको. शोधलं पण मिळालं नाही, किंवा मुळात शोधलंच नाही. नास्तिक आणि अज्ञेयवादी यांच्यातला फरकही एका ओळीत संपतो: पहिला ‘मानत नाही’ म्हणतो, दुसरा ‘कळणं शक्य नाही’. पाय घसरतो तो ‘नसल्याचा पुरावा’ या शब्दांवर. ते समजून घ्यायला दोन ग्रह कामाला येतात. त्यातला एक नव्हताच.

युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा फ्रेंच खगोलगणितज्ञ ल व्हेरिए यांनी कागदावर हिशेब मांडून सांगितलं की पलीकडे आणखी एक ग्रह असणार, अमुक जागी बघा. त्यांचं पत्र 23 सप्टेंबर 1846 ला बर्लिनच्या वेधशाळेत पोहोचलं. त्याच रात्री योहान गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगत गेले आणि दारे नावाचा तरुण विद्यार्थी नकाशाशी ताडत बसला. एका ठिपक्याशी तो अडला: हा नकाशात नाही! तोच नेपच्यून, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत.

बुधाची कक्षाही हिशेबात बसत नव्हती. ल व्हेरिए यांनी तोच उपाय केला. 1859 मध्ये त्यांनी सूर्याजवळ एक ग्रह कल्पिला, त्याचं नाव व्हल्कन. पुढे अनेक वर्षं खग्रास ग्रहणांत लोक त्याला शोधत राहिले, पण खात्रीनं तो कुणालाच दिसला नाही. मग 1915 मध्ये आइन्स्टाइननी बुधाच्या कक्षेतला शतकामागे 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) फरक व्हल्कनशिवाय जुळवून दाखवला. इथे रिकामं आकाश हाच पुरावा ठरला, कारण व्हल्कन असता तर कुठे आणि कधी दिसायला हवा, हे आधी बोलून झालं होतं. न सापडण्याला वजन येतं ते त्या आधीच्या बोलण्यामुळे.

आता तोच प्रश्न ईश्वराला लावा. तो असेल तर असं काय दिसेल, जे नसेल तर दिसणार नाही? नियम घालून देऊन बाजूला झालेला ईश्वर असो वा निर्गुण निराकार, तो असला काय नि नसला काय, जग सारखंच दिसणार. तिथे विज्ञानाकडे होकार नाही आणि नकारही नाही.

हाकेला धावणारा देव मात्र बोलून अडकलेला असतो. अमेरिकेत बायपास झालेल्या सुमारे 1800 रुग्णांवरचा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींसाठी अनोळखी माणसांनी प्रार्थना केल्या. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत त्यानं कमी झाली नाही. यानं ईश्वर खोटा पडत नाही. पडतो तो ‘परक्याच्या प्रार्थनेनं रुग्णाचा त्रास टळतो’ एवढाच दावा. “देवाची परीक्षा बघू नये” हे मला एकवेळ मान्य आहे. पण मग कुणी बरं झालं की तीच गोष्ट पुरावा म्हणून मिरवायची नाही. परीक्षेला बसायचं नसेल तर गुणपत्रिकाही दाखवू नये.

मग धर्माच्या बाजूनं काय उरतं? अनुभव, साक्षी, परंपरा. श्रद्धा ठेवायला ही कारणं पुरतात, आणि त्यांना मी कमी लेखत नाही. चिडतो तो त्यांना प्रयोगशाळेचा कोट चढवला जातो तेव्हा. 2012 मध्ये हिग्ज कण (इतर मूलकणांच्या वस्तुमानाशी संबंध असलेला एक मूलकण) सापडला आणि ‘देवकण’ या टोपणनावावरून देव सापडल्याच्या गप्पा झाल्या!

महास्फोटाचंही तेच. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी विश्वाच्या आरंभाचं नवं विज्ञान निर्मात्याच्या बाजूनं उभं केलं. ज्यांनी 1931 मध्ये ‘आद्य अणू’ची, म्हणजे सारं विश्व एकाच बीजातून निघाल्याची, महास्फोटाच्या मुळाशी असलेली कल्पना मांडली, ते जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. पण त्यांचं म्हणणं असं की हा सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरच राहतो; भौतिकवाद्याला, म्हणजे जड पदार्थापलीकडे काही नाही असं मानणाऱ्याला, देव नाकारायची मोकळीक त्यात आहे तशीच राहते.