टीआरचा मॉक वेगळा, एचआरचा वेगळा

इंजिनीअरिंग कॉलेजांत मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे नोकरीच्या मुलाखतीचा सराव, बहुधा एकाच बैठकीत उरकतात. वीस मिनिटांत ओळख, एसक्यूएलचे (डेटाबेस हाताळायच्या भाषेचे) दोन प्रश्न, एक ‘तुमचा कच्चा दुवा कोणता’ आणि शेवटी ‘कॉन्फिडन्स वाढवा’ असा शेरा. त्या शेऱ्याचं करायचं काय, हे कुणालाच कळत नाही. टेक्निकल राउंड (टीआर) आणि एचआर (मनुष्यबळ विभागाचा) राउंड या दोन निराळ्या परीक्षा आहेत, आणि घोटाळा होतो तो दोन्हींत प्रश्न पुष्कळदा तोच असल्यामुळे.

‘प्रोजेक्टबद्दल सांगा’ हाच प्रश्न घ्या. समजा, चौघांनी मिळून कॉलेजची बस कुठवर आली ते दाखवणारं ॲप केलं आहे.

टीआरमध्ये समोरच्याला ऐकायचं असतं की ही वस्तू चालते कशी आणि त्यातलं तुमच्या हातचं किती. पहिल्या दोन वाक्यांत ॲप काय करतं ते सांगून लगेच आपल्या भागावर यायचं: ‘बस दर १० सेकंदांनी आपलं स्थान पाठवते, ते मायएसक्यूएलमध्ये साठतं. डेटाबेसचा भाग माझा. नोंदी वाढल्यावर बसचं ताजं स्थान शोधायला वेळ लागू लागला, म्हणून बस क्रमांक आणि वेळ या दोन कॉलमांवर मिळून एक इंडेक्स केला.’ इथे थांबा. (इंडेक्स म्हणजे टेबलातली नोंद शोधायची सूची.) पुढचा प्रश्न येणारच: इंडेक्सने शोध वेगाने का होतो? कारण तो बी-ट्रीच्या, म्हणजे फांद्या फुटत जाणाऱ्या रचनेच्या, रूपात क्रमाने लावलेला असतो, सगळं टेबल चाळावं लागत नाही. मग सगळ्याच कॉलमांवर इंडेक्स का नाही केला? कारण प्रत्येक नवी नोंद लिहिताना प्रत्येक इंडेक्सही बदलावा लागतो, लिहिणं मंदावतं आणि जागाही जाते. टीआरचा सराव म्हणजे रेझ्युमेवरच्या प्रत्येक शब्दाखाली असे तीन ‘का’ उतरून पाहणं. जिथे दुसऱ्याच ‘का’ला पाय लटपटतात, तो शब्द एक तर अभ्यासा, नाहीतर रेझ्युमेवरून काढा.

शाखा कोणतीही असो, गत तीच. सिव्हिलच्या मुलाने ‘आरसीसी डिझाइन’ लिहिलं की एम२० या काँक्रीटच्या प्रतीमधले २० म्हणजे काय, हे आलंच. १५० मिमीच्या काँक्रीट घनाची २८ दिवसांनंतरची दाब सोसण्याची ताकद, २० न्यूटन प्रति चौरस मिमी, इथपर्यंत बहुतेक जण पोचतात. ‘म्हणजे सरासरी २० का?’ या उपप्रश्नावर मात्र अडतात. सरासरी नव्हे, पाच टक्क्यांहून जास्त निकाल ज्याच्या खाली जाणार नाहीत असा तो आकडा. म्हणून मिश्रण ठरवताना सरासरी २० च्या वर धरावी लागते.

आता तोच प्रश्न एचआरमध्ये. इथे इंडेक्सची गोष्ट सुरू केली की समोरचे लोक तुमचं वाक्य संपायची वाट बघत बसतात. त्यांना तुम्ही अडचणीत कसे वागता ते पाहायचं असतं. उत्तराचा सांगाडा चार भागांचा: प्रसंग, तुमची जबाबदारी, तुम्ही केलं ते, त्याचं झालं काय. ‘जानेवारीत एकाला इंटर्नशिप मिळाली आणि त्याचं काम अर्धवट राहिलं. गटाची वेळापत्रकं मी बघत होतो. उरलेल्या कामांची यादी केली, नकाशाचं काम मी घेतलं, नोटिफिकेशनचा भाग सरांना विचारून वगळला. सादरीकरण ठरल्या तारखेला झालं.’ साठ ते नव्वद सेकंद पुरे. घसरगुंडी असते ती ‘तो मध्येच सोडून गेला’ या सुरात. तक्रार खरी असली तरी कागदावर तुमच्या नावापुढे उतरते. आणि पूर्ण उत्तर ‘आम्ही’मध्ये दिलंत तर तुमचा वाटा दिसत नाही, ‘मी’मध्ये दिलंत तर बाकीचे तिघे कुठे होते, असा प्रश्न येतो. गटाने ठरवलं ते ‘आम्ही’, हाताने केलं ते ‘मी’.

‘येत नाही’ म्हणण्याचंही तसंच. टीआरमध्ये ते चालतं, पण रिकामं नको. एसक्यूएलमध्ये ओळी काढून टाकणाऱ्या आज्ञांबद्दल विचारलं तर: ‘ट्रंकेट वापरलेलं नाही, डिलीट माहीत आहे, त्यात व्हेअर लावून मोजक्या ओळी काढता येतात,’ असं माहितीच्या काठापर्यंत जाऊन थांबायचं. अंदाज असेल तर अंदाज म्हणून सांगायचा. एचआरमध्ये ‘माहीत नाही’ला जागा नाही, कारण प्रश्न तुमच्याबद्दलचेच असतात. बॅकलॉग (नापास झालेला विषय) का राहिला, वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया जाणं) का लागला, बारावीनंतरचं वर्ष कुठे गेलं? कारण एका वाक्यात, नंतर काय बदललं ते दोन वाक्यांत. पेपर अवघड होता, हे कारण धरत नाहीत.

ओळखीचं उत्तर दोन्हीकडे तोंडपाठ एकच असतं आणि त्यातला निम्मा वेळ गाव, वडिलांचा व्यवसाय, भावंडं यांत जातो. टीआरमध्ये हे सगळं गाळा: शाखा, हातचं काम, येणारी दोन-तीन साधनं, ४५ सेकंदांत बस. एचआरमध्ये गावाचा उल्लेख असू द्या, पण तोही रुजू व्हायची तयारी किंवा बदलीचा प्रश्न यांच्याशी जुळत असेल तरच.

एचआरच्या मॉकआधी पगाराचं गणित एकदा कागदावर करा. सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चात, कंपनीने भरायचा पीएफ आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. त्यामुळे सीटीसीला बाराने भागून येणारा आकडा हातात पडत नाही. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती महिन्यांचा, मोडला तर किती रक्कम, हे विचारणं उद्धटपणा नव्हे.

मॉक घेणारी माणसंही वेगळी हवीत. टीआरसाठी त्याच शाखेचा, नुकताच नोकरीला लागलेला सीनियर. वेळ ४० मिनिटं, कोड कागदावर, लॅपटॉप बंद. लिहिताना मोठ्याने विचार करायचा, नाहीतर चूक कुठे झाली ते समोरच्याला कळत नाही. एचआरसाठी शाखेबाहेरचं कुणीतरी, अगदी बँकेत काम करणारी मावशीही चालेल. तिला तुमचं उत्तर समजलं नाही तर दोष उत्तराचा. इंटरव्ह्यू इंग्रजीत होणार असेल तर मावशीलाही इंग्रजीतच विचारायला सांगा, मराठीत जमलेलं उत्तर तिकडे आपोआप उतरत नाही. वेळ १५ ते २० मिनिटं, फोनवर रेकॉर्डिंग. ऐकताना फक्त दोन गोष्टी मोजा: ‘बेसिकली’ किती वेळा आलं आणि प्रत्येक उत्तर किती सेकंदांचं झालं. एका बैठकीनंतर दोनच दुरुस्त्या हाती घ्या, आणि त्याच माणसासमोर लगेच दुसरा मॉक देऊ नका. त्याला उत्तरं ठाऊक झालेली असतात.

काही ठिकाणी दोन्ही राउंड एकाच पॅनेलसमोर होतात, मध्ये मॅनेजरही बसलेला असतो. तिथे प्रश्न कुणी विचारला यापेक्षा उपप्रश्न ऐका. ‘कसं केलं?’ आलं तर टीआरचं उत्तर, ‘मग काय केलंत?’ आलं तर एचआरचं. कळलं नाही तर सरळ विचारा: ‘सर, तांत्रिक भाग सांगू की गटात काम कसं झालं ते?’