गार कशी निवडावी, घोड्यात कशी बसवावी

चकमकी बंदुकीत ठिणगी पाडणाऱ्या दगडांचं, म्हणजे गारांचं, पाकीट परत येतं आणि आत चिठ्ठी असते: "गारा बोगस आहेत, ठिणगीच पडत नाही." आम्ही त्यातलीच एक गार उचलतो, दुकानातल्या लाँगरायफलच्या, म्हणजे लांब नळीच्या बंदुकीच्या, घोड्यात (गार धरणाऱ्या हातोड्यात) बसवतो, रिकाम्या नळीवर चाप ओढतो. बहुतेक वेळा ठिणग्यांचा सडा पडतो. गार बरी असते. फक्त ती त्या बंदुकीच्या मापाची नसते, किंवा धड बसवलेली नसते.

आमचं दुकान पेनसिल्वेनियात. घरातलीच दोन माणसं ते चालवतात. प्रत्येक पाकिटात इंग्रजी पत्रक असतंच, पण इथल्या मराठी मंडळींत चकमकी बंदुकीच्या नादाला लागलेल्यांचे फोन हल्ली वाढलेत. "जरा वर, नाही, इतकं वर नाही" असं फोनवर सांगत बसण्यापेक्षा म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

शब्दांचं आधी. घोडा, चाप, नळी, गज (नळीत सोडायची सळई), कान (नळीला बाजूनं असलेलं बारीक भोक), रंजक (कानापाशी ठेवायची बारीक दारू) आणि वाटी (रंजक ठेवायची खळगी) हे सगळे शब्द आपलेच, तेच वापरलेत. घोडा ज्या उभ्या पोलादी पट्टीवर आदळतो, आणि जी मिटली की वाटीवर झाकण होतं, तिला मात्र इथले लोक फ्रिझन म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणतो. आपल्याकडे तोड्याची बंदूक फार काळ टिकली. जामगी (जळती वात) पेटवून रंजकाला लावायची, मग पोलादी पट्टीचं कामच काय? महादजी शिंद्यांसाठी द बॉयन या युरोपीय सेनानीनं कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांच्या हाती चकमकीच्या बंदुका होत्या. त्या शिपायांनी या पट्टीला नक्की काहीतरी म्हटलं असणार. कुणाला शब्द ठाऊक असेल तर कळवा, पुढच्या छपाईत घालू.

ठिणगी दगडाची नसते

एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं. गारेची धार फ्रिझनच्या पोलादावरून खरवडत खाली जाते, पोलादाचे बारीक कण सोलून काढते, आणि घर्षणानं तापलेले ते कण हवेत पेट घेतात. तीच ठिणगी. बंदूक पूर्ण रिकामी असताना वाटीखाली पांढरा कागद धरून चार-पाच वेळा घोडा पाडा आणि कागदावर पडलेली काळी पूड भिंगातून पाहा. मग कागदाखालून लोहचुंबक फिरवा, पूड त्याच्यामागे धावेल.

म्हणजे गारेनं दोनच गोष्टी करायच्या: पोलादाहून कठीण राहायचं आणि धार टिकवायची. धार बोथट झाली की ती सोलत नाही, नुसती घासते. उलट फ्रिझनचं पोलादच मऊ असेल तर गार त्यात खोल चरे पाडते आणि तरीही ठिणगी पडत नाही. असे चरे दिसले तर नव्या गारा मागवू नका, फ्रिझन पुन्हा कडक करून देणारा कारागीर गाठा. आम्हाला तेवढा धंदा कमी झाला तरी चालेल.

माप

"पन्नास कॅलिबरला कुठली गार?" हा आम्हाला सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि त्याला उत्तर नाही. कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. ते केवढंही असो, गार ठरते ती फ्रिझनच्या रुंदीवर आणि घोड्याच्या जबड्यावर. एकाच कॅलिबरच्या दोन रायफलींना दोन वेगळ्या मापांच्या गारा लागतात.

आमच्या गारा ५/८, ३/४ आणि ७/८ इंच रुंदीच्या असतात. सुताराच्या भाषेत पाच सूत, सहा सूत, सात सूत. ब्राऊन बेससारख्या लष्करी मस्केटला मोठी, इंचभर किंवा थोडी जास्तच रुंद गार लागते. फ्रिझनच्या गारेकडच्या तोंडाची रुंदी फूटपट्टीनं मोजा. गार त्या रुंदीइतकी किंवा केसभर कमी हवी. जास्त रुंद झाली तर आतला कोपरा नळीला घासतो. त्यात नळीवर चरा पडतो आणि गारही फुटते. फार अरुंद घेतली तर फ्रिझनच्या मधोमध एक खळगा पडत जातो.

लांबीची परीक्षा घोडा अर्धा चढवूनच होते. फ्रिझन मिटलेलं, घोडा अर्धा चढवलेला, अशा वेळी धार आणि फ्रिझन यांच्यात अर्ध्या ते एका सुताची फट हवी. धार टेकत असेल तर गार लांब आहे. बोटभर अंतर असेल तर ती आखूड आहे, किंवा फार मागे बसली आहे.

कुठली गार

काळी इंग्लिश गार सफोक परगण्यातल्या ब्रँडनच्या परिसरातली. तिथल्या खडूच्या थरांत चकमकीचे गोळे सापडतात. गोळा फोडायचा, त्याच्या लांबट पात्या काढायच्या, पातीचे तुकडे पाडायचे, असं तिथल्या कारागिरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. नेपोलियनशी युद्ध चालू होतं तेव्हा इंग्रजी फौजेला गारा याच गावातून जात. जवळच ग्राइम्स ग्रेव्ह्ज नावाच्या नवाश्मयुगीन खाणी आहेत, म्हणजे या दगडाची पारख तिथं बंदुकीच्या कितीतरी आधीपासूनची. उजेडात धरलीत तर हिच्या पातळ कडेतून धुरकट उजेड दिसतो. नवख्या माणसाला आम्ही हीच देतो.

मधाच्या रंगाची फ्रेंच गार मेन परिसरातली, शेर नदीच्या खोऱ्यातली. दिसायला देखणी. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात या बाजूला ती भरपूर आली. त्या काळाचा पोशाख करून मैदानात उतरणारे तीच मागतात. इंग्लिश चांगली की फ्रेंच, यावर इथले म्हातारे नेमबाज तासभर भांडतात. आम्हाला विचाराल तर दोघींत फार फरक नाही. हातात आलेला तुकडा नीट पाहणं जास्त महत्त्वाचं.

करवतीनं कापलेल्या अकीकाच्या गाराही मिळतात. कापणी एकसारखी, जबड्यात छान बसतात, लवकर झिजत नाहीत. पण बोथट झाल्यावर टवके काढून धार आणणं जिकिरीचं, आणि फ्रिझन त्या जास्त खातात. आम्ही ठेवतो, पण आग्रह करत नाही.

एका गृहस्थांचे वडील गावाहून येताना पिशवीभर गारगोट्या घेऊन आले होते. "फुकटात काम होईल." पांढरीशुभ्र गारगोटी म्हणजे स्फटिक. ती पोलादाइतकी कठीण असते, नव्हे जास्तच, पण तिची पाती निघत नाही. दोन-तीन फटक्यांत कडेचा रवा होऊन गळतो. त्याच पिशवीत नदीतला एक करडा, मेणचट अकीक निघाला, त्यानं मात्र ठिणगी दिली. दख्खनच्या काळ्या खडकात अकीक पुष्कळ सापडतो. त्या वडिलांना आपल्या आजोबांच्या चंचीतली चकमक आठवली आणि पुढचा अर्धा तास दुकानात कामाचं काही झालं नाही.

पाकिटातली प्रत्येक गार तपासा. धार सरळ हवी, नखाएवढेही खाचे नकोत. वरच्या अंगाला मोठा उंचवटा असेल तर जबडा तिला नीट धरत नाही. अशी निघाली तर बाजूला ठेवा, बदलून देऊ.

बसवणं

पहिल्यांदा गज नळीत सोडून बघा. रिकाम्या नळीत गज कुठपर्यंत जातो, त्याची खूण आधीच करून ठेवलेली असावी. खुणेच्या वर राहिला तर आत बार (भरलेली दारू-गोळी) आहे, आणि गारेला हात लावायचा नाही. वाटीतलं रंजक पुसून काढा. डोळ्यांवर चष्मा हवा, वाचायचा चालेल, पण हवाच.

गार नुसती लोखंडी जबड्यात धरली तर घसरते, नाहीतर तडकते. म्हणून भोवती चामडं. साधारण एक-दीड मिलिमीटर जाडीचं, घट्ट, न ताणणारं. जुना पट्टा जाड पडतो, हातमोज्याचं चामडं फार मऊ. पट्टी दुमडा, दुमडीच्या मधोमध जबड्याच्या स्क्रूसाठी खाच कापा, म्हणजे गार मागे स्क्रूला टेकू शकते. चामडं जबड्याच्या पुढे आलेलं नको, वाटीतल्या जाळानं ते करपतं. काहीजण चामड्याऐवजी शिशाचा पातळ पत्रा वापरतात. मोठ्या मस्केटला तो ठीक. नाजूक रायफलीच्या घोड्यावर उगीच वजन वाढतं.

आता उतार वर की खाली? गारेच्या धारेकडे एका बाजूनं उतार असतो. उतार वर ठेवला तर धार खाली येते, उतार खाली ठेवला तर धार वर जाते. धारेनं फ्रिझनला खालून साधारण दोन-तृतीयांश उंचीवर भिडावं आणि तिथून खाली खरवडत यावं. दोन्ही तऱ्हा करून पाहा आणि जास्त ठिणग्या पडतात ती ठेवा. अमुकच बरोबर असं छातीठोक सांगणाऱ्यानं तुमची बंदूक पाहिलेली नसते.

मग दिव्यासमोर या. घोडा अंगठ्यानं घट्ट धरा, चाप दाबा, आणि घोडा हळूहळू पुढे आणून धार फ्रिझनला नुसती टेकवा. मागून उजेड पाहा. धारेच्या लांबीत कुठेही उजेडाची रेघ दिसायला नको. एका कोपऱ्यातून उजेड येत असेल तर गार तिरकी आहे, स्क्रू सैल करून फिरवा. हे पाच मिनिटांचं काम लोक टाळतात, आणि पहिल्याच बाराला कोपरा उडतो.

आता फ्रिझन उघडं ठेवून घोडा पूर्ण खाली आणा. धार वाटीच्या दिशेनं असावी, पण वाटीला किंवा नळीला कुठेही लागता कामा नये. लागत नसेल तर स्क्रू आवळा. काही स्क्रूंच्या डोक्यात आडवं भोक असतं, त्यात सळई घालून आवळायचं. पक्कड नको. चामडं दबतं, त्यामुळे चार-पाच बारांनंतर पुन्हा एक पीळ द्यावाच लागतो.

माझ्या शिकारीच्या पहिल्याच हंगामात मी तो पीळ दिला नव्हता. ख्रिसमसनंतरचा इथला हंगाम, २६ डिसेंबरपासूनचा, चकमकी बंदुकीचाच. १९७४ पासून तो चालू आहे. हरीण तीस पावलांवर उभं. चाप ओढला, गार जबड्यात फिरली, धार आडवी आदळली. 'खट्' एवढाच आवाज. हरणानं माझ्याकडे वळून पाहिलं, कान हलवले आणि चालत निघून गेलं. पळालंसुद्धा नाही.

धार पुन्हा आणणं आणि थोडं बाकीचं

गार किती बार देते? आमच्या दुकानातल्या बंदुकीत चांगली काळी गार तिशी सहज गाठते, कुणाकडे पन्नाशी, कुणाकडे डझनभरातच आटोपते. घोड्याची स्प्रिंग आणि कोन यावर ते ठरतं. ठिणग्या कमी झाल्या तर लगेच फेकू नका. आधी धार आणि फ्रिझन स्पिरिटनं पुसा. तेलाचा बोटभर डागसुद्धा ठिणगी मारतो. तरीही नाही, तर पितळी किंवा तांब्याच्या छोट्या दांडीनं धारेच्या कडेवर खालच्या दिशेनं हलक्या टिचक्या मारत जा. बारीक टवके उडून नवी धार निघते. बार भरलेल्या बंदुकीवर हे कधीही करायचं नाही. हात बसेपर्यंत जुन्या गारेवर सराव करा.

चापाचा सराव करायचा असेल तर गारेऐवजी लाकडाचा तुकडा जबड्यात धरा. गार आणि फ्रिझन दोन्ही वाचतात.

वाटीत काळी दारूच घाला, सर्वांत बारीक दाण्याची. तिच्याऐवजी मिळणारी नवी मिश्रणं वाटीत नीट पेट घेत नाहीत, आणि दोष पुन्हा आमच्या गारेला. कानातून जाळ बाजूला फेकला जातो, तेव्हा उजव्या हाताच्या बंदुकीच्या उजव्या अंगाला कुणी उभं नको. थंडीतली बंदूक गरम घरात आणलीत तर फ्रिझनवर दव धरतं. रात्री ती रिकामी करून थंड पण कोरड्या जागी, कुलपात ठेवा.

माप चुकलं तर न वापरलेल्या गारा तीस दिवसांत बदलून मिळतील. फोटो पाठवणार असाल तर बंदूक रिकामी, फ्रिझन मिटलेलं, घोडा अर्धा चढवलेला, आणि कॅमेरा बाजूनं, शेजारी फूटपट्टी ठेवून. समोरून काढलेल्या फोटोत आम्हाला फक्त नळीचं तोंड दिसतं, आणि तसले फोटो पाहायला आवडत नाहीत.