बॉनेटवरची वर्तुळं नेमकी असतात कुठे?

आमच्या सोसायटीतल्या काकांनी दोन वर्षांपूर्वी काळी गाडी घेतली. तेव्हा दसऱ्याच्या पूजेला तिच्या बॉनेटमध्ये झेंडूचं तोरण जसंच्या तसं दिसत होतं. परवा रात्री त्यांच्यासोबत पेट्रोल पंपावर गेलो होतो. छताच्या एलईडी दिव्यांखाली गाडी उभी राहिली आणि बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, चमचमती वर्तुळं उमटली. प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वेगळं जाळं. काका हळहळले, "सकाळी गाडी पुसणारा पोरगा फडकं गोल गोल फिरवतो ना, त्याचे हे ओरखडे." मागून काकू म्हणाल्या, "दृष्ट लागली, दुसरं काय! गाडीची लिंबू-मिरची काढून टाकलीत ना तुम्ही."

मी काकांना म्हटलं, "जरा दोन पावलं डावीकडे सरका आणि बॉनेटकडे बघत राहा." ते सरकले, तशी वर्तुळंही सरकली. गोल ओरखडा खरोखर रंगावर असता, तर तो आपल्याबरोबर चालत आला नसता. रंगावर ओरखडे आहेत हे खरं, पण ते गोल नाहीत. ते आडवे, उभे, तिरके, वाटेल तसे पडलेले आहेत.

घरी करून बघा. रोजच्या घासण्यातलं स्टीलचं जुनं ताट घ्या, खोलीत एकच दिवा ठेवा आणि ताटाच्या सपाट भागात त्याचं प्रतिबिंब पकडा. प्रतिबिंबाभोवती बारीक चमचमत्या रेषांची वर्तुळं दिसतील. ताट जागेवर ठेवून मान हलवा, वर्तुळांचा मध्य प्रतिबिंबाबरोबर फिरेल. आपण ताट गोल घासतो म्हणून असं होतं, अशी शंका येईल. मग एक टाकाऊ ताट मुद्दाम नुसतं सरळ रेषांत, पण सगळ्या दिशांनी घासा. वर्तुळं तरीही दिसतील. पाऊस पडून गेल्यावर रस्त्यावरच्या दिव्यासमोर निष्पर्ण झाड असेल, तर त्याच्या ओल्या काटक्यांमध्येही दिव्याभोवती अशीच कडी दिसतात. काटक्या काही दिव्याभोवती गोल उगवलेल्या नसतात.

हे का होतं ते मला नीट सांगायचं आहे, कारण यातली भूमिती मला फार आवडते.

सपाट आरशावरून परावर्तन होताना प्रकाश दिवा, आरसा, डोळा यांमधला सर्वांत छोटा रस्ता घेतो. हे अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या प्राचीन गणितज्ञाला ठाऊक होतं. फ्रेंच गणितज्ञ फर्माने 1662 साली सर्वांत छोट्या रस्त्याऐवजी सर्वांत कमी वेळ धरून तो विचार अपवर्तनालाही लावून दाखवला. आता ओरखड्याकडे वळू. ओरखडा म्हणजे एक बारीक, लांबट चर. चराचा तळ गोलसर असतो, त्यामुळे तो प्रकाश आडव्या अंगाला कुठेही फेकू शकतो. पण स्वतःच्या लांबीच्या दिशेने तो आरशासारखाच वागतो. म्हणून आरशाचा नियम त्याला फक्त लांबीपुरता लागू होतो: ओरखड्यावरून बोट फिरवत गेलो, तर ज्या बिंदूपाशी दिवा ते बोट ते डोळा हे अंतर सर्वांत कमी भरेल, तेवढाच बिंदू आपल्याला चमकताना दिसतो. बाकीचा ओरखडा तिथेच असतो, पण आपल्या डोळ्यासाठी काळा.

हे बिंदू कुठे येतात? शाळेत लंबवर्तुळ काढायला दोन खिळे ठोकून सैल सुतळी बांधायचो आणि पेन्सिलीने ती ताणून फिरवायचो, ते आठवा. इथे एक खिळा म्हणजे दिवा, दुसरा म्हणजे डोळा. दोन्ही बॉनेटच्या वर हवेत आहेत, त्यामुळे सुतळी सगळ्या दिशांनी ताणून फिरवली, की खरबुजासारखा एक लांबट गोल तयार होतो. सुतळी जेमतेम बॉनेटला टेकेल एवढीच असेल, तर खरबूज बॉनेटला एकाच बिंदूत शिवतं. तिथेच दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. सुतळी थोडी वाढवली, की बॉनेट सुरीसारखं खरबूज कापतं आणि कापाची कड लंबवर्तुळ असते. आणखी वाढवली, की आणखी मोठं लंबवर्तुळ. अशी एकात एक बसलेली लंबवर्तुळं बॉनेटभर पसरली आहेत असं समजा. आता कोणताही सरळ ओरखडा घ्या. त्याच्यावरचा सर्वांत छोट्या रस्त्याचा बिंदू म्हणजे जिथे तो यांतल्या एखाद्या लंबवर्तुळाला नुसता शिवून जातो, आत घुसत नाही, ती जागा. म्हणजे हजारो ओरखड्यांचा चमकणारा प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या लंबवर्तुळाची स्पर्शिका असतो. आपला डोळा ते तुकडे जोडतो आणि आपल्याला प्रतिबिंबाभोवती कडी दिसतात. ओरखड्यांच्या गर्दीतून गोल आकार प्रकाशाने निवडलेला असतो.

पंपावरच्या दिव्याखाली किंवा भर उन्हात जाळं उठून दिसतं, ढगाळ दिवशी ते दिसेनासं होतं, त्याचंही कारण यातच आहे. दिवा एक आणि लहान असेल तर निवड कडक होते. सगळं आकाशच दिवा झालं की सगळीकडून थोडं थोडं चमकतं आणि आकार पुसला जातो. काळ्या गाडीवर ओरखडे जास्त पडतात हा समजही सोडून द्यावा. पांढऱ्या गाडीवरही साधारण तसलाच क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा बिनरंगी पारदर्शक थर, असतो आणि तोही तसाच ओरखडतो. फक्त पांढऱ्या पार्श्वभूमीवर ती चमक वेगळी कळून येत नाही.

ओरखडे पडतात ते मात्र फडक्यानेच, त्यात काकांचं बरोबर आहे. गोल फिरवल्याने नाही, धूळ मध्ये अडकल्याने. एकच बादली, एकच फडकं आणि ओळीने दहा गाड्या. आपल्याकडची धूळ बरीचशी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. त्यातलं फेल्डस्पार मोह्सच्या कठिणतेच्या मापावर 6 च्या आसपास, पायरॉक्सिन 5 ते 6, आणि वाळूतलं क्वार्ट्झ 7. क्लिअर कोट हे शेवटी कडक केलेलं प्लॅस्टिक. कोरड्या फडक्याखाली असा एक कण सापडला, की तो लेखणी होतो.

आता पॉलिश. पत्र्यापासून वर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट असे सगळे थर मिळून जाडी 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) भरते. त्यातला क्लिअर कोट साधारण 40 ते 50. डोक्याचा केस 70 च्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. पॉलिश करताना ओरखडा भरून काढत नाहीत. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत झिजवतात. त्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असलेली पेस्ट आणि फोमचं पॅड लागतं. म्हणजे ओरखड्यावर उपाय आणखी ओरखडे, फक्त इतके बारीक की दृश्य प्रकाशाच्या 0.4 ते 0.7 मायक्रॉन तरंगलांबीपुढे त्यांची खोली नगण्य ठरावी. लाटेला किनाऱ्यावरचा खडक अडवतो, वाळूचा कण अडवत नाही, तसं हे आहे. काचेला झिलई देणं म्हणजे चरे दिसेनासे होईपर्यंत बारीक करत जाणं, हे न्यूटनने 1704 सालीच लिहून ठेवलं होतं.

पण चरा भरून लपवताही येतो आणि फसवणूक तिथेच होते. हवेतून क्लिअर कोटमध्ये शिरताना 100 पैकी सुमारे 4 भाग प्रकाश परततो, कारण हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) 1 आणि कोटचा 1.5 च्या आसपास. चऱ्यात पाणी असेल तर पाण्याच्या 1.33 मुळे त्या सीमेवरून 100 पैकी अर्ध्या भागाहूनही कमी परततो. तेलाचा अपवर्तनांक जवळपास 1.47, त्यामुळे तेल भरलेला चरा जवळजवळ अदृश्यच होतो. म्हणून धुतलेली ओली गाडी नवी वाटते. मी स्वतः एका दुकानात माझ्या गाडीला 'रबिंग-पॉलिश' करून घेतलं होतं. संध्याकाळी गाडी आरशासारखी होती, तिसऱ्या धुण्याला सगळं जाळं परत आलं. नुसतं तेल आणि मेण भरलं होतं. तेव्हापासून मी काम झाल्यावर भरलेलं तेल निघून यावं म्हणून एका कोपऱ्यावर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवतो आणि मोबाइलचा टॉर्च मारून बघतो.

असाच एक भुलवणारा शब्द म्हणजे गाडीच्या रंगावर संरक्षणासाठी चढवायचं '9एच' सिरॅमिक कोटिंग. विक्रेते त्याला हिऱ्याच्या शेजारी बसवतात. तो एच आपल्या चित्रकलेच्या पेन्सिलीवरचा एच आहे. ठरावीक वजनाखाली 9एच पेन्सिल ढकलली आणि चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिल म्हणजे ग्राफाइट आणि माती. क्वार्ट्झचा कण तिला जुमानत नाही. अशा कोटिंगवर पाणी थेंब होऊन घरंगळतं, मळ कमी चिकटतो, हे फायदे खरे आहेत. ओरखडे पडणारच नाहीत हे आश्वासन आणि बंपरला टांगलेली लिंबू-मिरची यांत मला फरक दिसत नाही.

रविवारी काकांच्या बॉनेटवर मधोमध कागदी टेप लावली आणि एकाच बाजूला काम केलं. आधी भरपूर पाणी आणि शाम्पू, मग मऊ पॅडवर पेस्टचे चार ठिपके. मशीन मी ड्युअल ॲक्शनचं वापरतो. त्याचं पॅड फिरता फिरता जागाही बदलतं, त्यामुळे एकाच ठिकाणी उष्णता साचत नाही. हात सावकाश, एकावर एक पट्टे, हाताला पत्रा कोमटच लागायला हवा. कडांवर मशीन नेलं नाही. तिथे रंग पातळ असतो. नख अडकेल एवढा एक खोल चरा होता, तो तसाच ठेवला.

काकांनी विचारलं, "दर दिवाळीला करायचं का हे?" मी नको म्हटलं. सूर्याचे अतिनील किरण शोषणारी द्रव्यं याच क्लिअर कोटमध्ये असतात आणि प्रत्येक पॉलिशला त्यातला एखाद-दुसरा मायक्रॉन कायमचा जातो. जाडी मोजायचं नेहमीचं यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरला ते सांगत नाही. टपावर आणि बॉनेटवर पांढरे पोपडे सुटलेल्या जुन्या गाड्या आपण बघतोच. तो थर संपला की तसं होतं.

रात्री टेप काढून पुन्हा पंपावर गेलो. दिव्याचं प्रतिबिंब बरोबर मधल्या रेषेवर येईल असे काका उभे राहिले. डावीकडे अर्धी कडी, एकात एक, चमचमत होती. रेषेपाशी ती सुरीने कापल्यासारखी थांबत होती, आणि उजवीकडे काळ्या रंगात फक्त दिवा होता.